चौथी वायर

माझ्या सासऱ्यांच्या एका सवयीचं मला लग्नानंतर पहिले काही दिवस कौतुक वाटलं होतं. पुढं तिची शिसारी आली ती आजतागायत. घरी पाहुणा आला की ते त्याला आधी मीटरच्या बोर्डापाशी न्यायचे. तो पायावर पाणी घेतो न घेतो तोच त्याचा दंड धरून म्हणायचे, "या हिकडं. हे बघा." बोर्ड त्यांनी मुद्दाम पडवीत, दाराच्या उजव्या अंगाला बसवून घेतला होता, येणाऱ्याच्या नजरेत भरावा म्हणून. फळीवर तीन ग्रिपा, म्हणजे फ्यूजची तार आत असलेले चिनी मातीचे पांढरे ठोकळे, आणि त्यांच्यावर तीन बारके दिवे. लाल, पिवळा, निळा. "थ्री फेज हाय," ते म्हणायचे. "मळ्यात न्हवं, घरात." पाहुणा मान हलवायचा. मग मी पाणी आणायचे.

आमचं घर कोरेगाव भीमाच्या बाहेर, हमरस्त्यापासून थोडं आत. नव्वदच्या दशकाच्या शेवटाला जमीन कंपनीला गेली. तिच्याबरोबर विहीर गेली, विहिरीवरची मोटार निघाली, आणि सासऱ्यांनी नवा बंगला बांधला. जमीन गेल्याचं त्यांना वाईट वाटलेलं मी कधी पाहिलं नाही. मोटारीला मिळणारी थ्री फेज मात्र त्यांना सोडवेना. कुणाकुणाला भेटून, चकरा मारून त्यांनी ती घरावर घेतली. घरात तशी गरज म्हणावी तर बोअरच्या मोटारीची. बाकी पंखे, फ्रीज, मिक्सर, टीव्ही, सगळं साध्या लाइटवर चालणारं.

माझं माहेर निमोण्याचं. आमच्याकडं चार ट्यूबा आणि एक पंखा, आणि खांबावरचा आमचा फेज गेला की घर अंधारात. खांबावरून तीन फेजच्या तीन तारा येतात आणि चौथी न्यूट्रल, करंट परत नेणारी. साध्या घराला त्या तिघींतली एक आणि न्यूट्रल अशा दोनच मिळतात. ती एक गेली की संपलं. बाकी दोन चालू असल्या तरी त्यांचा उजेड दुसऱ्याच्या घरात. सासरी तसं नव्हतं. बोर्डाखाली एक फिरवायचं बटण होतं. लालवर लाइट गेली की पिवळ्यावर घ्यायची, पिवळा गेला की निळ्यावर. मी नवी नवरी होते, मला ते जादूसारखं वाटायचं. निमोण्याला जाऊन मीच आईला सांगितलं होतं, आमच्याकडं लाइट जातच नाही म्हणून.

हळूहळू दुसरं दिसायला लागलं. संध्याकाळी दिवेलागणीला फेज गेला की सासरे उठायचे, बटण फिरवायचे, आणि आत यायचे नाहीत. पडवीत उभे राहून समोरच्या अंधारलेल्या आळीकडं बघत राहायचे. एकदा मी चहा घेऊन गेले तर मला म्हणाले, "बघ. समदी आंधळी." आवाजात इतका गोडवा होता, जेवण चांगलं झाल्यावर माणूस बोलतो तसा. मी कप ठेवला आणि आत आले. त्या दिवशी पहिल्यांदा मला त्या माणसाची किळस आली. बारावीच्या परीक्षेच्या दिवसांत मी आणि माझी बहीण कंदिलापुढं बसून डोळे चोळायचो, ते आठवलं.

बंगल्यामागं सहा खोल्या होत्या, कंपनीत कामाला येणाऱ्या परमुलखातल्या लोकांसाठी बांधलेल्या. पत्र्याच्या, एका ओळीत, पुढं एकच नळ आणि एकच मोरी. माझं लग्न होऊन वर्ष होत आलं तेव्हा त्या तयार झाल्या आणि त्यांना लाइट द्यायची वेळ आली. सासऱ्यांनी विहिरीवरच्या मोटारीची जुनी केबल जपून ठेवली होती. चपटी, काळी, आत तीन वायरी. तीच वापरायची ठरली. तीन वायरींतून तीन फेज मागं न्यायचे, एकेक फेज दोन-दोन खोल्यांना. "भाडेकरूला बी थ्री फेज," सासरे हसून म्हणाले. पण मग न्यूट्रलला वायर उरत नव्हती. चौथी वायर हवी होती, बंगल्यापासून खोल्यांपर्यंत, जास्तीत जास्त वीस-बावीस पावलांची.

काम करायला आलेला माणूस हो ला हो म्हणणारा होता. त्यानं खोल्यांच्या पुढं जमिनीत एक लोखंडी रॉड ठोकला आणि सगळ्या खोल्यांची न्यूट्रल त्याला बांधली. जमीनच न्यूट्रल. गावाकडं असं करतात, मी निमोण्यालाही पाहिलं होतं, मळ्यातल्या गोठ्यात एखादा बल्ब जमिनीवर पेटवलेला. पण इथं सहा खोल्यांचा सगळा भार त्या एका रॉडवर. बारावीला माझं फिजिक्स होतं. फार मार्क नव्हते, पण एवढं कळत होतं. मी जेवताना म्हणाले, "मामा, अर्थिंगला न्यूट्रल करू नये. त्यातनं करंट वाहतो."

"पुस्तकातली लाइट येगळी," सासरे म्हणाले. सासूबाईंनी माझ्याकडं असं पाहिलं की मी आमटी वाढायला उठले.

उन्हाळ्यात माती सुकली आणि खोल्यांतले बल्ब मिणमिणायला लागले. एका खोलीत अंधुक, शेजारच्या खोलीत एवढा भगभगीत की बल्ब उडायचा. जमीन कोरडी झाली की रॉड काम करीत नाही. मग रोज सकाळी रॉडच्या बुडाशी मीठ टाकून बादलीभर पाणी ओतायचं काम माझ्याकडं आलं. मी ते केलं. तुळशीला पाणी घालावं तसं रोज घातलं. दोन महिने.

मग सासऱ्यांना एक युक्ती सुचली आणि ती त्यांनी सगळ्यांना मोठ्या अभिमानानं सांगितली. भाडेकरूंची मोरी तोडून त्यांनी ती रॉडच्या अगदी शेजारी बांधली. उतार असा दिला की मोरीचं पाणी रॉडच्या बुडाशी जावं. "आता पानी घालाया नगं," मला म्हणाले. "त्येंच्या आंघुळीच्या पान्यानंच अर्थिंग वली ऱ्हाईल." नवरा हसला. मीही हसले, कारण माझं एक काम कमी झालं होतं. हे लिहिताना हात थांबतो, पण खरं ते खरं.

तिसऱ्या खोलीत एक जोडपं राहायला आलं. उत्तरेकडचं, गोरखपूरच्या बाजूचं कुठलंसं गाव. तो कंपनीत शिफ्टला जायचा, ती घरी. माझ्याच वयाची असेल. मूलबाळ नव्हतं. आवाज मोठा, बोलताना हात फार हलवायची, आणि मराठी इतक्या भराभर उचलत होती की दोन महिन्यांत भाजीवाल्याशी भांडायला लागली. माझ्याशी हिंदीत बोलायची, कारण माझ्या हिंदीला तिला हसायला मिळायचं. दुपारी मी मागच्या पायरीवर निवडायला बसले की ती समोर येऊन बसायची. सासूबाईंना ते आवडत नसे.

एके दिवशी ती म्हणाली, "भाभी, नल काटता है."

"म्हणजे?"

"काटता है। नहाते टाइम पकड़ो तो झनझन होता है, यहाँ तक।" तिनं कोपराला हात लावला.

मला लगेच समजलं. ओल्या मोरीत उघड्या पायांनी उभी, हातात बोअरपासून आलेला लोखंडी नळ, आणि पायाखाली रॉडचा करंट उतरलेली जमीन. मी सासऱ्यांना सांगितलं. त्यांनी वर्तमानपत्रातून डोकंही काढलं नाही. "चपला घालून आंघूळ करा म्हनावं."

सासूबाई म्हणाल्या, "त्या बायांची कातडी लई नाजूक हाय व्हय? सोंगं हायती नुसती."

दोन दिवसांनी पाचव्या खोलीतल्या बाईनंही तेच सांगितलं. मग ती गोष्ट आमच्याकडं जेवताना गंमत म्हणून सांगितली जायला लागली. धाकटे दीर तिची नक्कल करायचे, 'नल काटता है' म्हणत ताटावरून हात झटकायचे. भाताची शितं उडायची. सगळे हसायचे.

एका सकाळी खोल्यांतली माणसं कामावर गेल्यावर मी मोरीत गेले. चपला बाहेर काढल्या. मोरी ओली होती, साबणाचं पाणी साचलेलं, केसांचा गुंता जाळीवर अडकलेला. मी नळाला उलटा हात लावला. उलटाच लावायचा हे मला माहीत होतं, तळहात लावला तर मूठ आवळली जाते आणि सुटत नाही. हाताच्या आतून काहीतरी खसकन ओढल्यासारखं झालं आणि मी मागं भिंतीवर आदळले. जिभेवर तांब्याची चव आली. किती तरी वेळ मी तिथंच बसले होते.

त्या रात्रीच्या जेवणाआधी नवऱ्याला सांगितलं. माझा नवरा कंपनीत सुपरवायझर होता. त्यांच्याकडं दर महिन्याला सुरक्षेचं व्याख्यान असायचं, अर्थिंगच्या खड्ड्यांवर पाट्या होत्या, आणि जाड तळव्यांचे बूट घातल्याशिवाय आत सोडत नसत. हे सगळं तोच मला कौतुकानं सांगायचा. तो म्हणाला, "तू कशाला गेलीस त्यांच्या मोरीत?"

"मला करंट लागला म्हणून सांगतेय."

"बघू शनिवारी," तो म्हणाला. तो शनिवार आला नाही.

मग मी एक चलाखी केली. फ्रीज आवाज करतो असं सांगून तळेगाव ढमढेऱ्याच्या एका वायरमनला बोलावून घेतलं. वयस्क मुसलमान गृहस्थ होते, त्यांच्या वडलांपासून त्या भागातल्या घरांत वायरिंगचं काम चालत आलेलं. त्यांना सगळे भाई म्हणायचे. फ्रीजला काही झालेलं नव्हतं हे त्यांनी दोन मिनिटांत ओळखलं आणि माझ्याकडं पाहिलं. मी म्हणाले, "भाई, मागं जरा बघता का?"

त्यांनी पिशवीतून होल्डरला बसवलेला एक बल्ब काढला, त्याला दोन वायरी लोंबत होत्या. एक टोक रॉडच्या वायरीला लावलं, दुसरं नळाला. बल्ब पेटला. भगभगीत नाही, लालसर. भर दिवसा, मोरी आणि नळाच्या मध्ये एक दिवा जळत होता. खोल्यांतल्या दोन बाया बघायला बाहेर आल्या होत्या.

भाई पडवीत येऊन सासऱ्यांसमोर उभे राहिले. "आबा, ती अर्थिंग न्हाई. तिला तुम्ही न्यूट्रल केलीया. खोल्यांचा समदा करंट त्या मोरीत उतरतोय. आज झिणझिण्या येत्यात. उद्या एखादा फेज गेला, लोड एकाच बाजूला आला, तर मानूस चिकटंल."

"आजवर कोन चिकटलं?"

"चिकटायची वाट बघायची का? एक वायर टाका आबा, चौथी. माज्याकडं हाय वायर, आत्ता टाकून देतो."

सासरे खुर्चीत मागं रेलले. "तुला फ्रीज बघाया बोलीवलं हुतं न्हवं? बघितलास? मग च्या घे आन् नीघ." मग जरा थांबून म्हणाले, "दिवाळीनंतर बघू. आन् त्या बायांफुडं असले बल्ब लावून दावू नगंस. फुकट डोक्यावर चढत्यात."

भाई वयानं सासऱ्यांएवढेच होते, त्यांना ते तुम्ही म्हणत होते आणि हे त्यांना तू. मी चहाचा कप घेऊन उभी होते. भाईंनी कपाकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं, पिशवी उचलली आणि मोपेडवर बसून निघून गेले. चहा मी मोरीत ओतला. आमच्या मोरीत.

दिवाळीला अजून अवकाश होता. पावसाळा संपत आला होता, जमीन मुरलेली होती, बल्ब छान पेटत होते, आणि घरातल्या कुणाला काही करावंसं वाटत नव्हतं. मला वाटत होतं, पण वाटण्यापलीकडं मी काही करीत नव्हते.

त्या दिवशी सकाळी मी भाकरी करत होते. स्वयंपाकघरातली ट्यूब गेली आणि लगेच आली. सासऱ्यांनी बटण फिरवलं असणार. एक फेज गेला होता. मागं काही खोल्यांत पाणी तापवायचे हीटर लावलेले होते, पहिल्या शिफ्टची घाई. पाचएक मिनिटांनी एक बाई किंचाळली. मग दुसरी. मी पिठाच्या हातानं मागच्या दारी गेले.

ती मोरीत होती. कपडे धूत होती बहुतेक, साडी गुडघ्यापर्यंत खोचलेली. उजवा हात नळावर आणि ती नळ सोडत नव्हती. तोंड उघडं, पण आवाज नाही. सगळं अंग बारीक थरथरत होतं. पाचव्या खोलीतली बाई तिला धरायला पुढं झाली, मी ओरडले, "हात मत लगाना!" आणि घरातून पळत पडवीत गेले. सासरे बोर्डासमोरच उभे होते. त्यांना बाजूला ढकललं आणि मेन स्विचचा दांडा खाली ओढला. मागून धप्पकन आवाज आला.

ती कपडे धुण्याच्या दगडावर पडली होती. पुढचा एक दात तुटला होता, हनुवटीवरून रक्त वाहत होतं. तळहात पाहवत नव्हता. दोन बोटांच्या बुडाशी कातडं पांढरं पडून आत वळलं होतं, आणि वास येत होता. तो वास काय होता हे मी लिहिणार नाही. श्वास चालू होता. मी तिचं डोकं मांडीवर घेतलं तेव्हा तिनं डोळे उघडले.

नवऱ्यानं जीप आणली. तिचा नवरा कामावर होता, त्याला निरोप धाडला. जीपमध्ये मागं ती, मी आणि पाचव्या खोलीतली बाई, पुढं नवरा. शिरूरच्या रस्त्यावर अर्ध्यात आल्यावर तो मान न वळवता म्हणाला, "पाय घसरून पडली म्हणायचं. आणि हात स्टोव्हवर पडला. समजलं का? नाहीतर पोलीस केस होईल. आबांना या वयात बोलावतील."

ती माझ्या खांद्याला टेकून बसली होती, डोळे मिटून.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "काय झालं?" ती बोलायला गेली, पण ओठ सुजलेले, शब्द फुटेना. डॉक्टर माझ्याकडं वळले. "तुम्ही सांगा. त्यांची भाषा तुम्हाला येते ना?"

नवरा माझ्यामागं उभा होता. त्यानं मला हात लावला नाही, दम दिला नाही, काही केलं नाही. मला ते सांगायला कुणी भाग पाडलं असं मी म्हणू शकत नाही. मी म्हणाले, "पाय घसरला. पेटत्या स्टोव्हवर हात पडला."

डॉक्टरांनी तळहात उलटसुलट करून पाहिला. "स्टोव्हनं असं भाजत नाही," ते म्हणाले. मग आमच्या दोघांकडं पाहिलं आणि लिहायला लागले. काय लिहिलं ते मला माहीत नाही. मी तिच्याकडं पाहिलं तेव्हा ती माझ्याकडंच बघत होती. तिला मराठी सगळं कळत होतं.

दुपारी घरी परतलो तर सासऱ्यांनी दुरुस्ती करून ठेवली होती. सायकलची जुनी ट्यूब कापून ती नळाला गुंडाळली होती आणि वरून सुतळी बांधली होती. मोरी स्वच्छ धुतलेली. लाइट चालू. "आता न्हाई लागत," ते म्हणाले. "म्या सवता हात लावून बघितला." पायात चपला होत्या त्यांच्या. मी न्हाणीघरात गेले आणि ओकले. त्यांना पाहून की मला स्वतःला, हे तेव्हा कळलं नाही. आता वाटतं, दोघांनाही.

त्यानंतर चार दिवसांनी दौंडकडचे पाहुणे येणार होते, धाकट्या दिरांची सोयरीक जमवायला. घर सारवल्यासारखं लख्ख केलं होतं, पडदे धुतले होते. सासरे नवं धोतर नेसून सकाळपासून पडवीत येरझाऱ्या घालत होते. पाहुणे अकराच्या सुमाराला यायचे होते. मी नऊ वाजता बोर्डापाशी गेले, मेन स्विच खाली ओढला, आणि तिन्ही ग्रिपा एकेक करून उपसल्या. त्या हाताला गार लागत होत्या. पदरात बांधल्या, पदर कमरेला खोचला, आणि मागच्या पायरीवर जाऊन बसले.

पंखे थांबले तेव्हा घरात आवाज झाला. आधी दीर बाहेर आले. मग सासूबाई. मग नवरा. सासऱ्यांनी रिकाम्या खाचा पाहिल्या आणि त्यांना उमगलं.

"कुठं हायती?"

"माझ्याकडं."

"दे."

"खोल्यांना चौथी वायर टाका. मग देते."

सासूबाईंनी कपाळ बडवलं. "आगं, पाव्हनं याया लागलं! टाकीत पानी न्हाई!"

"माहितीय."

नवरा जवळ आला, दात आवळून म्हणाला, "तमाशा करू नकोस. आत चल."

मी म्हणाले, "दवाखान्यात मी तुझं ऐकलं. आता नाही ऐकायची." लग्नानंतर त्याला मी पहिल्यांदा अरेतुरे केलं होतं. ते कुणाच्या ध्यानातही आलं नाही, इतकी घाई झाली होती सगळ्यांना.

दीर म्हणाले, "ग्रिपा लागत्यात कशाला? डायरेक वायर टाकू." पण टाकणार कोण? सासऱ्यांनी आयुष्यात त्या बोर्डाचं बटण फिरवण्यापलीकडं काही केलं नव्हतं. ते रिकाम्या खाचांकडं बघत होते आणि त्यांची बोटं मागं मागं जात होती. चपला घातलेल्या असूनही. मी ते नीट पाहिलं. मला आनंद झाला आणि त्या आनंदाचीही घाण वाटली.

शेवटी दीर मोटारसायकल घेऊन गेले. त्या गडबडीत जो वायरमन मिळाला तो एकच, तळेगावचे भाई. यायला त्यांना तास लागला. येताना वायरीचं भेंडोळं घेऊन आले होते. त्यांनी सासऱ्यांकडं पाहिलंही नाही, सरळ मागं आले. "वैनी, मेन बंद हाय न्हवं?" मी पदराची गाठ दाखवली. ते किंचित हसले आणि कामाला लागले.

बंगल्याच्या न्यूट्रलपासून खोल्यांपर्यंत त्यांनी चौथी वायर ओढली, सगळ्या खोल्यांच्या न्यूट्रल तिला जोडल्या आणि रॉडवरची वायर कापून टाकली. पाऊण तासाचं काम. फक्त पाऊण तास लागला, हे मला आजही सहन होत नाही.

पाहुणे आले तेव्हा भाई शिडीवर होते. पाहुण्यांनी विचारलं, काय काम चाललंय? सासरे एका क्षणात सावरले. छाती पुढं काढून म्हणाले, "भाडेकरूंची लाइन नीट करून घेतोय. थ्री फेज, फोर वायर. आपल्याकडं हयगय न्हाई. परक्या मुलखातली लोकं हायती, त्येंच्या जिवाला जपलं पाहिजे." पाहुण्यांच्या चेहऱ्यावर आदर दिसला. मी आतून ऐकत होते, माझ्या हातात पोह्यांच्या बशा होत्या.

काम झाल्यावर भाईंनी मला मागं बोलावलं. पुन्हा तो बल्ब लावला, एक टोक मोरीच्या ओल्या दगडाला, दुसरं नळाला. पेटला नाही. मग त्यांनी स्वतः चपला काढल्या, ओल्या मोरीत उभे राहिले आणि नळ मुठीत धरला. "आता बघा," म्हणाले. मी गाठ सोडून ग्रिपा दिल्या होत्या, लाइट चालू होती. ते तसेच उभे राहिले, बराच वेळ. पाय पुसताना म्हणाले, "म्या त्या दिशी जायाला नगं हुतं. च्या न पिता गेलो, मला वाटलं लई मोठं केलं. बाई भाजली." त्यांचे डोळे भरले होते. त्या अख्ख्या घरात अपराध कबूल करणारा तेवढा एकच माणूस भेटला, आणि त्याचा अपराध सगळ्यांत कमी होता.

सोयरीक जमली. ग्रिपा उपसल्याबद्दल मला कुणी रागावलं नाही. उलट सासूबाई पुढं शेजारणींना सांगायच्या, आमच्या सुनंला लाइटीतलं कळतं म्हणून. ग्रिपांची गोष्ट घरातली गंमत झाली, दीर तीही नक्कल करून दाखवायचे.

दवाखान्यातून ती तीन आठवड्यांनी परत आली, खोली सोडायलाच. हाताला पट्टी, आणि पट्टीबाहेर आलेली दोन बोटं वाकडी, न हलणारी. तिचा नवरा टेम्पोत सामान चढवत होता. मी अंगणात सगळ्यांसमोर त्याच्याकडं गेले आणि माझ्या मोडक्या हिंदीत सांगितलं: घसरून नाही, स्टोव्ह नाही, करंट होता, आमच्या लोकांनी केलेला होता, मी डॉक्टरांना खोटं सांगितलं. लागलं तर पोलिसांपुढंही सांगेन. माझा नवरा पायरीवर उभा होता. सासरे पडवीतून आत गेले.

तिचा नवरा टेम्पोवरून घाम पुसत म्हणाला, "मालूम है भाभी। सबको मालूम है।" मग म्हणाला, "हमको इधर ही काम करना है। केस-वेस कौन करेगा।"

ती टेम्पोच्या मागच्या बाजूला गादीच्या वळकटीवर बसली होती. मी जवळ गेले. काय बोलणार होते कुणास ठाऊक. माफी मागायची होती, पण हिंदीत माफी मागायला मला कुणी शिकवलं नव्हतं, आणि मराठीत माझा आवाज तिनं दवाखान्यात ऐकला होता. तीच बोलली, शांतपणे, स्वच्छ मराठीत. "तुम्हाला सगळं येत होतं ताई. सगळं कळत होतं."

टेम्पो हमरस्त्याला लागला. शिरूरकडं वळला की पुण्याकडं, ते मला दिसलं नाही. मध्ये उसाचा ट्रक आला होता.